चाकणची क्वालिटी सोडून सॉफ्टवेअर टेस्टिंग : रविवारी हो, सोमवारी नाही

गो_नोगो
नमस्कार मंडळी. वय 33, डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणला ऑटो पार्ट्सच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, इथे 4 वर्षं 7 महिने झाले. त्याआधी भोसरीत दोन छोट्या शॉपमध्ये मिळून चार वर्षं. हातात 31 हजार येतात, मोशीच्या फ्लॅटचा हप्ता 14,200. बायको बालवाडीत शिकवते, तिचे 9 हजार. मुलगी चार वर्षांची.

गेले पाच महिने सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकतोय. मॅन्युअल (हाताने टेस्टिंग) झालं, एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) बऱ्यापैकी, सेलेनियम (टेस्ट आपोआप चालवायचं टूल) आत्ता कुठे उघडलंय. शिकायचा त्रास नाही. बाउंड्री व्हॅल्यू, म्हणजे मर्यादेच्या काठावरचे आकडे टाकून तपासणं, वाचलं तेव्हा हसूच आलं. पीस मापाच्या मर्यादेत आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या आपल्या गो-नोगो गेजचं भावंडच ते.

बोंब आहे ती डोक्याची. रविवारी दुपारी कुणाचा तरी 'मेकॅनिकलमधून आयटीत, सहा महिन्यांत दुप्पट पगार' असा व्हिडिओ बघतो आणि राजीनाम्याचा मेल टाइप करायला घेतो. सोमवारी कंपनीच्या बसमध्ये बसलो की वाटतं, तेवीस वर्षांच्या पोरांच्या रांगेत आपण कुठे उभे राहणार, गप नोकरी कर. मेल ड्राफ्टमध्ये चार वेळा लिहून चार वेळा पुसलाय. तुम्ही लोकांनी हे कसं सांभाळलंत? 'पॉझिटिव्ह राहा' सोडून काहीही सांगा.

पेरोलवाली
पाचव्यांदा पुसा तो मेल. ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांना पाच महिने उरलेत आणि राजीनामा कसला देताय? हिशोब : शेवटचा बेसिक अधिक डीए, गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. बेसिक 22 हजार धरला तर पाच वर्षांचे 63 हजार 461 होतात. तुमचे साडेचार हप्ते आहेत ते. 4 वर्षं 240 दिवस पुरतात असा मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे, पण त्यावर एचआरशी भांडत बसायची हौस असेल तरच.

पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) पुढे न्या. भोसरीची वर्षं जोडली गेलीत का ते आजच बघा. पेन्शनला एकूण 10 वर्षं लागतात आणि भोसरीत पीएफ कापला जात असेल तर तुम्ही जवळ आलाय. आणि कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी पगार चालू असतानाच घ्या. आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.

मनाचं मला कळत नाही. पण ही तीन कामं झाली की माणसाला झोप लागते, एवढं टेबलाच्या या बाजूने बघितलंय.

उडीबाबा
एवढा विचार केलात तर पन्नाशी येईल. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही!

गो_नोगो
@उडीबाबा कमरेला हप्ता आणि खांद्यावर पोरगी घेऊन उडी कशी मारायची, तेही सांगा.

कुपवाडचा_टेस्टर
मी 31व्या वर्षी केलं. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतली फाउंड्री ते पुण्यात खराडीला आयटी. व्हिडिओवाले सांगत नाहीत ते सांगतो. मला नऊ महिने लागले, पहिला पगार फाउंड्रीपेक्षा पाच हजारांनी कमी होता, आणि लीड माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. पहिले दोन महिने त्याचा राग यायचा. पोरगं चांगलं होतं, माझाच ताठा.

नुसत्या मॅन्युअलवर आता कुणी दारात उभं करत नाही, ऑटोमेशन पूर्ण कर. आणि फ्रेशरच्या रांगेत उभाच राहू नको. गाडीच्या ईसीयूचं (आतल्या कॉम्प्युटरचं) टेस्टिंग, कारखान्यात चालणारी ईआरपी किंवा प्रॉडक्शनची सॉफ्टवेअर, तिकडे अर्ज कर. पीपीएपी, एफएमईए, एट-डी हे क्वालिटीचे शब्द तुला समजावून सांगावे लागत नाहीत, त्या पोरांना लागतात. माझ्या 60-65 अर्जांतून जे तीन कॉल आले ते तिघेही असलेच.

रिटायर्ड_सेटर
क्वालिटीवाला ना तू? मग मला सांग, एक पीस 12 मायक्रॉन वर आला की ऑफसेट मारतोस का, म्हणजे मशीनची सेटिंग सरकवतोस का? नवीन ऑपरेटर मारतो. पुढचा पीस खाली जातो, मग हा उलटा मारतो, शिफ्ट संपेपर्यंत रिजेक्शनची ट्रॉली भरते. मशीन बिचारं ठीक होतं. 31 वर्षं हेच बघितलं.

तू तेच करतोयस. रविवारचं एक रीडिंग, मारला ऑफसेट. सोमवारचं एक रीडिंग, मारला उलटा. चार्ट लाव. रोज एकाच वेळी, झोपायच्या आधी, 'हे करायचंय' याला दहापैकी आकडा आणि एक टिंब. कारण लिहू नको, शिफ्ट लिही. सात टिंबं ओळीने मधल्या रेषेच्या एका बाजूला आली तर हलायचं, तोवर मशीनला हात लावायचा नाही.

गो_नोगो
चार आठवड्यांनी येतोय. 28 टिंबं झाली. काका, पाया पडतो.

थर्ड शिफ्टच्या आठवड्यातली सातही टिंबं खाली, 2 आणि 3. तुमच्या नियमाने सात ओळीने आली, पण कारण करिअरचं नाही, झोपेचं. 'आपलं वय झालं' हे मला फक्त थर्ड शिफ्टला वाटतं! कस्टमर ऑडिटचे दोन दिवसही तसेच. बरं, वरची टिंबंही खोटीच निघाली. 9 आलेत ते सगळे रविवार, व्हिडिओ बघितलेले. बाकी दिवस 6 च्या आसपास. म्हणजे माझी खरी इच्छा सहा आहे. नऊ नाही, दोन पण नाही. सहावाला माणूस राजीनामा टाकत नाही आणि अभ्यासही सोडत नाही, असं मी धरून चाललोय.

थर्ड शिफ्टला काही ठरवायचं नाही, हे बायकोलाही सांगून ठेवलंय. भोसरीचा पीएफ सापडला, दुसऱ्या कंपनीचा जोडलेला नव्हता, जोडायचा अर्ज टाकलाय. आयएसटीक्यूबी फाउंडेशन या टेस्टिंगच्या परीक्षेचा अभ्यास सुरू केलाय, 40 प्रश्न, 26 बरोबर लागतात. घरच्या सरावात परवा 24 आले.

सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यासाठी वेगळा धागा काढेन.

रिटायर्ड_सेटर
24 हे एक रीडिंग आहे. चार्ट बंद करू नको.