मदत हवी आहे: रंध्यावर येणारं गणित वहीत कसं आणायचं? (नववी, नाशिक)

नमस्कार. धागा जरा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आम्ही मखमलाबादला राहतो. मुलगा नववीत, राज्य मंडळ, मराठी माध्यम. पहिल्या घटक चाचणीत गणितात २० पैकी ४. अभ्यासाला बसवलं की त्याला तहान लागते, मग पेन्सिलीला टोक करायचं असतं, मग पोटात दुखतं. आणि हाच मुलगा शाळा सुटली की गल्लीतल्या मिस्तरीबाबांच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन-दोन तास रंधा मारतो, केसांत भुसा घेऊन घरी येतो आणि जेवताना सागाचा भाव सांगतो.

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने परसात भाजीच्या वाफ्यासाठी ८ फूट बाय ४ फुटांची लाकडी चौकट केली. चारही बाजू मापात, तरी काहीतरी तिरकं दिसत होतं. मिस्तरीबाबा म्हणाले, "कोनाकोनी माप घे." घेतलं. एकीकडे बरोबर ९ फूट, दुसरीकडे ८ फूट १० इंच ५ सूत. (सुतारांचं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मलाही तेव्हाच कळलं.) मग पठ्ठ्याने लांब पडणाऱ्या कोपऱ्याला लाकडाचा ठोकळा लावला आणि हातोडीने हलकेच ठोकत, परत मोजत, परत ठोकत बसला. दोन्हीकडे ८ फूट ११ इंच आणि वर पावणेतीन सूत आलं तेव्हा म्हणाला, "आता गुण्यात आली." (म्हणजे कोपरे काटकोनात आले.) मी गुपचूप मोबाईलवर ८ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग करून वर्गमूळ काढलं. ८.९४४ फूट. म्हणजे तेच.

दुसऱ्या दिवशी मी माती खाल्ली. वहीत तीच चौकट काढून "हेच आता पायथागोरसने सोडव" म्हणून त्याच्यापुढे ठेवली. त्याने वही मिटली आणि तीन दिवस शेडकडे फिरकलाच नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "आई, तू तिथंपण शाळा आणलीस."

तर माझी खरी अडचण इथे आहे. ३/८ अधिक १/४ किती असं वहीत विचारलं तर तो ४/१२ लिहितो. तीन सूत आणि दोन सूत किती म्हटलं की "पाच सूत", तोंडावर. डोकं तेच, बेरीज तीच.

पण हातातलं सगळं त्याला कळलंय असंही नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. वखारीत लाकूड घनफुटात मोजतात. लांबी फुटात, रुंदी-जाडी इंचात, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. ६ फुटी, ६ इंच रुंद, २ इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट, हे तो चालता चालता सांगतो. १४४ च का, विचारलं तर "मिस्तरीबाबा तसंच करतात". घोकंपट्टीच की ही, फक्त भुशातली.

बागेत मात्र गाडी बरी चालते. चौकट एक फूट उंच होती, तेव्हा किती माती लागेल यावर त्याने स्वतःच एक घनफुटाचं खोकं केलं, त्यात किती घमेली बसतात ते मोजलं आणि ३२ ने गुणलं. आमच्या काळ्या मातीचा डेला पाण्याच्या बरणीत विरघळवून ठेवला. वाळू लगेच तळाला बसली, वरचं पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळच होतं. चवळी उपटली तेव्हा मुळांवरच्या गाठी नखाने फोडून आत गुलाबी का, म्हणून मलाच विचारत आला. दिंडोरीला त्याच्या मामाची द्राक्षबाग आहे. तिथे खाली डॉगरिजचा खुंट आणि वर दुसऱ्या जातीचं कलम कशासाठी, तर हा खुंट पाण्याचा ताण आणि खारेपणा सोसतो, हे त्याने मामाकडून काढून घेतलं आणि न सांगता वहीत लिहिलं. चित्रासकट. ती वही मी अजून उघडून तपासलेली नाही, शहाणी झालेय.

सासऱ्यांना हे नवीन वाटत नाही. गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, मांडली, त्याची झुळूक त्यांच्या शाळेपर्यंत आली होती म्हणे. "टकळीवर सूत निघालं, गणित काही निघालं नाही," असं ते म्हणतात आणि हसतात. मला हसू येत नाही, कारण पालकसभेत बाईंनीही साधारण तेच सांगितलं: सुतारकाम सुट्टीत करू द्या.

तुमच्यापैकी कोणी हे केलं असेल तर सांगा, हातातलं कागदावर आणताना नेमकं काय केलंत? आधी त्याच्याच भाषेत, म्हणजे सूत-इंचात लिहू द्यावं आणि अपूर्णांकाची रेघ नंतर आणावी, असं मला वाटतंय. आणि बहुपदीचं काय करायचं? मला तरी ती कुठल्याच फळीत दिसत नाही. इतिहास, इंग्रजी ओढूनताणून बागेत आणावेत की सरळ पुस्तकातूनच करावेत? मी दुसऱ्या मताची आहे, पण माझ्या मतावर माझाच फार विश्वास उरलेला नाही.

शाळा सोडवून सतरा नंबरचा फॉर्म भरावा (म्हणजे बाहेरून दहावीला बसवावं) की राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करावी, असं घरात बोलणं चालू आहे. अनुभव असेल तर लिहा. हातकामातून शिकवणारा पाबळचा विज्ञान आश्रम माहीत आहे, पण इतक्यात त्याला घरापासून लांब ठेवायचं नाहीये.

भर: प्रतिसादांबद्दल आभार. यंत्राच्या करवतीबद्दल दोघांनी विचारलंय. नाही, अजून हात लावू दिलेला नाही, हातकरवत, पटाशी आणि रंधा एवढंच. एका ताईंनी सुचवलं की त्याला मला शिकवायला लावा. काल स्वयंपाकघरातल्या फळीसाठी माप घ्यायला मी मुद्दाम टेप उलटी धरली. अर्धा तास ओरडा खाल्ला. शेवटी मला समजावायला त्याने भिंतीवर पेन्सिलीने ५/८ लिहिलं, खाली रेघ मारून. भिंत पुसलेली नाही. पुढचं पाऊल काय टाकू?