मदत हवी आहे: जपानमधला पहिला नाताळ, आणि प्रार्थनेला शब्द सुचत नाहीत

नमस्कार मंडळी. मी मूळची अहिल्यानगरची (आमच्या तोंडी अजून नगरच). एप्रिलपासून नागोयात नोकरीला आहे. इथे २५ डिसेंबरला सुट्टी नसते. दुकानांत झाडं, दिवे, स्ट्रॉबेरीचा केक, तळलेल्या चिकनचं आगाऊ बुकिंग असं सगळं आहे, पण ख्रिस्ती लोक देशात जेमतेम एक टक्का. ऑफिसात मी एकटीच.

घरी नाताळ म्हणजे आईच्या करंज्या, चकल्या आणि रात्री पेटी-ढोलकी घेऊन दारोदार गात येणारी मंडळी. त्यांच्या चहाचं आधण दोन-दोनदा चढायचं. आई यंदा फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून प्रार्थनेला बसले की शब्दच येत नाहीत. देवावर थोडा रागही आहे, खोटं कशाला सांगू.

जवळच्या चर्चमध्ये २४ला संध्याकाळी मेणबत्त्या लावून उपासना आहे, कुणीही यावं असं बाहेर लिहिलंय. माझं जपानी कामापुरतंच. न कळणाऱ्या भाषेतल्या उपासनेत कुणाला आधार वाटलाय का? की ओशाळल्यासारखं होतं?

दुसरं, नगरची उपासना सकाळी ९ला, म्हणजे इथे साडेबारा, नेमकी जेवणाची सुट्टी. फोनवर ऐकावी का? ऑफिसात रडू आलं तर काय, ही भीती.

आणि हो, बारीक रवा कुठे सापडत नाहीये. नुसत्या मैद्याच्या पारीच्या करंज्या खुसखुशीत होतात का? मोहन किती घालायचं? आईनं प्रमाण कधी लिहून ठेवलंच नाही.

‘मन रमव, फिरून ये’ एवढं मात्र सांगू नका, प्लीज.