मदत हवी आहे: कारखान्यासाठी फर्स्ट एड बॉक्स कोणता घ्यावा? (बडोदा, अर्जंट)

मकरपुरा_स्टोअर्स: फर्स्ट एडची पेटी घ्यायची आहे. ऑनलाइन ८०० पासून ४,५०० पर्यंत दिसतायत, फोटोत सगळ्या सारख्याच. कस्टमरचं ऑडिट येतंय आणि त्यांच्या चेकलिस्टमध्ये एक ओळ आहे, "फर्स्ट एड बॉक्स, साहित्य पूर्ण, मुदतीच्या आत". जुनी पेटी भिंतीवर आहे, पण तिच्यात सध्या स्टॅम्पपॅड आणि इन्सुलेशन टेप असते. शेठ म्हणतात कुठलीही आण, बिल तेवढं जीएसटीचं हवं. ज्यांनी घेतली असेल त्यांनी थेट सांगा. लेक्चर नको, शुक्रवारच्या आत हवीय.

गोरवा१९: माणसं किती? काम काय चालतं? पाळ्या किती?

मकरपुरा_स्टोअर्स: चाळीसच्या आत. नॉर्मल फॅब्रिकेशन. त्याचा पेटीशी काय संबंध?

नियमाने_चला: संबंध आहे. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचं कलम ४५ वाचा. दर १५० कामगारांमागे निदान एक पेटी, आणि ती ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडे प्रथमोपचाराचं मान्यताप्राप्त सर्टिफिकेट हवं. तो माणूस कामाच्या वेळात हाकेच्या अंतरावर हवा. ठरवून दिलेल्या साहित्याशिवाय पेटीत काहीही ठेवायचं नाही, हेही त्यातच आहे. म्हणजे तुमचं स्टॅम्पपॅड बेकायदा आहे.

जुना_पर्सोनेलवाला: कलम ४५ काय घेऊन बसलात? २१ नोव्हेंबर २०२५ ला चारही लेबर कोड लागू झाले. फॅक्टरी अ‍ॅक्ट आता सुरक्षेच्या कोडात गेला.

नियमाने_चला: गेला म्हणून जुने नियम रातोरात रद्दीत गेले नाहीत, काका. मधल्या काळात तेच धरायचे आहेत. गुजरातच्या १९६३ च्या फॅक्टरी रूल्समध्ये साहित्याची यादी आहे, ती छापून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा.

जुना_पर्सोनेलवाला: मी काका आहे हे कशावरून ठरवलंत?

अलकापुरी_अकाउंट्स: ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) काढली आहे ना सगळ्यांची? दहा माणसं झाली की लागू होते, पगाराची मर्यादा २१,०००. नंतर काही झालं तर धावपळ नको.

मकरपुरा_स्टोअर्स: ईएसआयसी आहे. ती कोणी विचारली? पेटीचं सांगा.

मांडवीकर: रावपुऱ्यात सर्जिकलची दुकानं आहेत, रिकामी पेटी घ्या आणि सामान सुटं भरा. तयार पेटीत छोट्या पट्ट्यांची गर्दी असते आणि मोठं ड्रेसिंग एकच निघतं. फॅब्रिकेशनमध्ये हात कापला की छोट्या पट्टीचा काय उपयोग? जाड पॅड, रोलर बँडेज, त्रिकोणी पट्टी, कात्री, हातमोजे, सलाईनच्या लहान बाटल्या, भाजलेल्यावर टाकायचं निर्जंतुक ड्रेसिंग. कापूस थेट जखमेवर नको, धागे आत चिकटतात.

सुरेखा_वाघोडिया: बर्नॉल विसरलात. आमच्याकडे कायम असते.

नर्सबाई_कारेलीबाग: भाजल्यावर आधी नळ, मलम नाही. वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढा, सूज आली की निघत नाही. बर्फ नको, टूथपेस्ट नको. मलम थापून आणलेला हात आम्हाला आधी खरवडून साफ करावा लागतो, तेव्हा पेशंट जे ओरडतो ते तुम्ही ऐकलेलं नाही.

सुरेखा_वाघोडिया: आम्ही लहानपणापासून लावतोय, कोणाला काही झालं नाही.

दांडियाबाजारची_आजी: वेल्डिंगवाले आहेत ना? आर्क (वेल्डिंगचा झगझगाट) डोळ्यांना लागली की आमचे हे रात्री बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवून निजायचे. सकाळी ठणठणीत.

नर्सबाई_कारेलीबाग: आजी, बुबुळाचा वरचा थर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपला आपण भरतो. श्रेय बटाट्याला मिळतं. कच्ची भाजी किंवा दुधाचे थेंब सोललेल्या डोळ्याला लावले तर जंतू आत जायचे. ग्राइंडरचा कण डोळ्यात गेला तर तेही तसंच. प्रत्येक वर्कशॉपमध्ये एक उस्ताद असतो. तो पापणी उलटी करून रुमालाच्या टोकानं किंवा काडीपेटीच्या काडीनं कण काढून देतो, लोकं रांग लावतात. त्याला आवरा. पाण्यानं धुवायचा. रुतला असेल तर हात न लावता डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

दांडियाबाजारची_आजी: बटाट्याला नावं ठेवू नकोस बाई, पंचाहत्तर वयाला अजून सुई ओवते मी.

मांडवीकर: आजी, आर्क आजोबांना लागायची ना?

गोरवा१९: धागाकर्ते, "नॉर्मल फॅब्रिकेशन" म्हणजे एमएस (साधं स्टील) की एसएस (स्टेनलेस स्टील)?

मकरपुरा_स्टोअर्स: एसएस. डेअरीच्या टाक्या, पायपिंग. तुम्ही कंपनीचं नाव सांगणार आहात की नाही?

गोरवा१९: वेल्ड झाल्यावर जॉइंटचा काळा-निळा डाग कशानं काढता?

मकरपुरा_स्टोअर्स: पेस्टनं. हेल्पर ब्रशनं लावतो, थोड्या वेळानं पाणी मारतो. सगळेच करतात.

गोरवा१९: आता कळलं. तुम्ही कुठलीही पेटी घ्या, ८०० ची की ४,५०० ची, या पेस्टसाठी तिच्यात काही नसतं. पिकलिंग पेस्टमध्ये साधारणपणे नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक अशी दोन अ‍ॅसिडं असतात. नायट्रिक चटका देतं, कातडी पिवळी करतं, माणूस लगेच नळाकडे पळतो. दुसरं लबाड आहे. सौम्य असेल तर लागल्याचं कळतच नाही, दुखणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं. तोवर ते कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम धरत असतं. बोट वरून ठीक दिसतं आणि आतून ठणकतं. जास्त लागलं तर रक्तातलं कॅल्शियम उतरून हृदयाचे ठोके बिघडतात.

यावर २.५ टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल लागतं. लागल्याबरोबर कपडे काढून भरपूर पाणी, मग हातमोजे घालून जेल चोळायचं, दुखणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा, आणि तसंच चोळत हॉस्पिटलला. जेल नसेल तर पाणी बंद करायचं नाही. डोळ्यात उडालं तर फक्त पाणी, जेल डोळ्यात घालायचं नाही.

सुरेखा_वाघोडिया: अ‍ॅसिडवर खायचा सोडा टाकतात ना?

गोरवा१९: सांडलेलं फरशीवर असेल तर चुना. माणसावर नाही. अ‍ॅसिड आणि सोडा यांचा मेळ घालत बसलं की पाण्याची मिनिटं वाया जातात.

नर्सबाई_कारेलीबाग: +१. आणि जवळच्या हॉस्पिटलला आजच फोन करून विचारा, असा पेशंट आणला तर घेता का. १०८ ला फोन करताना अ‍ॅसिडचं नाव सांगा. नुसतं "अ‍ॅसिड" म्हटलं तर समोरचा साध्या भाजल्याची तयारी करतो.

मकरपुरा_स्टोअर्स: डबा बघून आलो. लेबल ओघळून गेलंय, अर्धं वाचता येत नाही. हेल्पर पातळ डिस्पोजेबल मोजे घालतो, तेही कधी कधी. आमच्याकडे आजवर काही झालेलं नाही.

गोरवा१९: सप्लायरकडून एसडीएस (पेस्टचं सुरक्षा माहितीपत्रक) मागवा, तो देणं त्याचं कामच आहे. चौथा भाग प्रथमोपचाराचा असतो. त्याची एक प्रत पेटीत आणि एक हॉस्पिटलला न्यायला. पातळ मोजे बंद, कोपरापर्यंतचे जाड पीव्हीसीचे किंवा निओप्रीनचे द्या, चेहऱ्यावर शील्ड. नळ पेस्टच्या जागेपासून किती लांब आहे?

मकरपुरा_स्टोअर्स: टॉयलेटच्या बाजूला. मधे पत्र्यांची थप्पी असते.

मांडवीकर: म्हणजे डोळे मिटून थप्पीला वळसा घालायचा?

जुना_पर्सोनेलवाला: विषय निघालाच आहे तर सर्टिफिकेटचंही बघा. रेडक्रॉस आणि सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स प्रशिक्षण देतात. दोघांना पाठवा, एक रजेवर असला तर दुसरा. स्टोअरवाल्यालाच पाठवू नका, तो जागेवर कधी नसतो.

मकरपुरा_स्टोअर्स: स्टोअरवाला मीच आहे. जेल कुठे मिळेल?

गोरवा१९: साध्या मेडिकलमध्ये बहुधा नाही मिळणार. सेफ्टीचं सामान विकणाऱ्यांकडे किंवा पेस्टच्या सप्लायरकडे विचारा. मुदत बघून घ्या, दोन-तीन ट्यूब. एक पेस्टच्या टेबलापाशी, बाकी पेटीत.

मकरपुरा_स्टोअर्स: सप्लायर म्हणाला ऑर्डरवर मागवून देईन, सोमवारपर्यंत. म्हणजे ऑडिटनंतर. पेटी रावपुऱ्यातून आणतोय, मांडवीकरांची यादी घेऊन. नळासाठी प्लंबरला बोलावलंय, पत्रे हलवायला शेठ तयार नाहीत.

नर्सबाई_कारेलीबाग: मग जेल येईपर्यंत पेस्टचं काम थांबवा. पेटीला कुलूप असतं का?

मकरपुरा_स्टोअर्स: असतं. किल्ली माझ्याकडे.

नर्सबाई_कारेलीबाग: रात्रपाळीला तुम्ही असता?

मकरपुरा_स्टोअर्स: नसतो. काढतो कुलूप. पण उघडी ठेवली की आठवड्यात बँडेड आणि कात्री गायब होते, त्यावर काय करायचं ते सांगा.