रॅम्पवर घासलेली गाडी आणि ऋताचे डोळे

कानडे काकू (बी-४०२): लिफ्टमध्ये जी कुजबुज चालू आहे ती माझ्या कानावर आली आहे, म्हणून इथेच लिहिते. मंगळवारी रात्री सावंतांच्या गाडीला घासली तेव्हा आमची ऋता गाडी चालवताना मोबाईल बघत नव्हती. रॅम्पवर वळताना तिला समोरचं अर्धं दिसेनासं झालं. ज्यांना सीसीटीव्ही बघायचाय त्यांनी खुशाल बघावा.

सावंत (बी-१०३): काकू, मोबाईलचं मी बोललो नाही. माझा बंपर घासलाय, एवढंच म्हणालो.

प्रभुणे काका (ए-५०१): रॅम्पजवळची ट्यूब फेब्रुवारीपासून लुकलुकते आहे. मी तेव्हाही लिहिलं होतं.

सेक्रेटरी: काका, तो विषय वेगळा 🙏

शिंदे वहिनी (बी-३०१): अगं, पण झालं काय नक्की? चष्म्याचा नंबर वाढलाय का?

ऋता (बी-४०२): नाही वहिनी, नंबर तोच आहे. गेटवर सिक्युरिटी काकांचा अर्धा चेहराच दिसेना. मला वाटलं, हेडलाईटची तिरीप आली असेल. मग तिथे करवतीच्या दात्यांसारखी चकचकीत रेघ उमटली आणि मोठी होत उजवीकडे सरकत गेली. डोळे मिटले तरी दिसत होती. वीसेक मिनिटांत सगळं साफ. डोकं अजिबात दुखलं नाही.

जोग (सी-२०२): डोकं दुखलं नाही ना? मग झालं तर. रात्रंदिवस स्क्रीन, दुसरं काय होणार.

कानडे काकू: जोग, पोरगी रॅम्पच्या कट्ट्यावर रडत बसली होती. तुम्ही शेजारून गेलात.

जोग: मला वाटलं फोनवर कोणाशी वाजलंय.

कानडे काकू: म्हणजे पुन्हा फोनच!

चिन्मय (सी-१०४): ऋताताई, मलापण होतं हे! परवा बॉलिंग करताना स्टंपच गायब.

तेजस (ए-२०२): तुझ्या बॉलिंगला स्टंप कधी सापडले होते?

चिन्मय: गप रे. खरंच सांगतोय. घरी बोललो नाही, आई घाबरेल म्हणून.

चिन्मयची आई (सी-१०४): हे मला ग्रुपवर कळतंय???

डॉ. मेधा (ए-६०३): ओपीडीत होते, आत्ता वाचलं. ऋताने लिहिलंय ते मायग्रेनच्या ऑराचं अगदी ठरलेलं वर्णन आहे. ऑरा म्हणजे डोळ्यांपुढचा हा खेळ. काही जणांना तो होतो आणि डोकेदुखी येतच नाही.

जोग: डॉक्टर, डोकं दुखत नाही तर अर्धशिशी कसली?

डॉ. मेधा: काका, बिघाड डोळ्यात नसतोच. मेंदूच्या मागच्या भागात दृष्टीचं केंद्र असतं. तिथे एक लहर मिनिटाला साधारण ३ मिलीमीटर सरकते, म्हणून ती रेघ सावकाश पसरते. ऑरा बहुधा ५ ते ६० मिनिटांत ओसरतो. पुढे डोकं दुखेल किंवा दुखणार नाही. जागरण, उपाशी राहणं, लखलखता उजेड, यांनी तो सुरू होऊ शकतो.

प्रभुणे काका: लखलखता उजेड. लुकलुकती ट्यूब. फेब्रुवारी.

शिंदे वहिनी: आमच्याकडे गाईच्या तुपाचं नस्य करतात. आणि एकदा दृष्ट काढा.

डॉ. मेधा: वहिनी, आधी तपासणी. आणि सगळ्यांनी एक लक्षात ठेवा. असं झालं की एकेक डोळा झाकून बघायचं. दोन्हींनी तेच दिसलं तर बहुतेक मेंदूकडचं. एकाच डोळ्यापुढे काळा पडदा आला, काळे ठिपके किंवा वीज चमकल्यासारखं अचानक वाढलं, तर त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर. एका क्षणात दिसेनासं झालं, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, तर थेट हॉस्पिटल. गाडी चालवत असाल तर बाजूला घेऊन थांबायचं. हे मी कळकळीने सांगते आहे.

कानडे काकू: बुधवारी डोळ्याची बाहुली मोठी करून आतला पडदा तपासला, ठीक आहे. शनिवारी न्यूरॉलॉजिस्ट.

डॉ. मेधा: छान. आणखी एक, सगळ्या मुलींसाठी. पीसीओडीसाठी, पाळीसाठी ज्या हार्मोनच्या गोळ्या देतात, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं. ऑरा असणाऱ्यांना त्यांनी स्ट्रोकचा धोका वाढतो. डब्ल्यूएचओच्या निकषांत अशांना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या द्यायच्याच नाहीत, असं आहे. सिगारेट असेल तर धोका आणखी वाढतो. ‘डोकं दुखत नाही’ म्हणून मुली ऑराबद्दल सांगतच नाहीत. न चुकता सांगा.

शिंदे वहिनी: ऋता घेते का गं गोळ्या?

कानडे काकू: वहिनी!!

डॉ. मेधा: ऋता, चिन्मय, दोघंही मला पर्सनलवर लिहा. इथे नको.

जोग: तिला बसलेलं बघून थांबायला हवं होतं, हे मान्य. पण तरुण पोरं जेवत-झोपत नाहीत, हेही मी चुकीचं बोललो नाही.

चिन्मय: त्या दिवशी नाश्ता नव्हता केला काका.

चिन्मयची आई: वर ये तू आधी.

सावंत: ऋता, काळजी घे बेटा. काकू, बिल तुम्हाला वेगळं पाठवतो.

कानडे काकू: पाठवा. आकडा ग्रुपवर नको.

सेक्रेटरी: उद्या ११ वाजता इलेक्ट्रिशियन येतोय. तोवर रॅम्पवर सगळ्यांनी सावकाश.

प्रभुणे काका: इलेक्ट्रिशियन फेब्रुवारीतही येणार होता.