शब्दचर्चा : वेब फ्रेमवर्कमधला 'सेफ' म्हणजे सुरक्षित की निर्धोक?

प्रश्न

विद्यार्थ्यांसाठी जँगोवर, म्हणजे पायथॉन भाषेतल्या संकेतस्थळे बांधायच्या फ्रेमवर्कवर, मराठीत टिपणे लिहितो आहे. टेम्प्लेटच्या, म्हणजे पानाच्या साच्याच्या, प्रकरणात 'मार्क सेफ' हे फंक्शन येते. 'हे फंक्शन मजकूर सुरक्षित करते' असे लिहिले तर चालेल का? सहकाऱ्याचे म्हणणे, अर्थ अगदी उलटा होतो. शब्दकोशात तर सेफ म्हणजे सुरक्षितच आहे. त्याच प्रकरणात एस्केप, सॅनिटाइझ आणि क्लीन हेही शब्द आहेत. त्यांचे काय करावे?

उत्तर

सहकाऱ्यांचे बरोबर आहे. मार्क सेफ मजकुराला हातही लावत नाही. 'हा मजकूर एस्केप करू नका', म्हणजे यातली विशेष चिन्हे निष्प्रभ करू नका, एवढी खूण त्यावर बसते. आत <स्क्रिप्ट> टॅग असेल तर तो जसाच्या तसा ब्राउझरपर्यंत जातो आणि चालतोही. विद्यार्थ्याने 'सुरक्षित करते' असे वाचले, तर शंका वाटणाऱ्या प्रत्येक मजकुरावर तो हे फंक्शन लावेल, म्हणजे नेमके जिथे लावू नये तिथे.

हा शब्द आला कसा ते पाहिले की अर्थ कळतो. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या कचेरीत झाला आणि 2005 मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. सुरुवातीच्या आवृत्त्यांत टेम्प्लेटमध्ये व्हेरिएबल टाकले की ते कच्चेच छापले जाई. वाचकाने दिलेले नाव, पत्ता, प्रतिक्रिया, प्रत्येक ठिकाणी 'एस्केप' हा फिल्टर आठवणीने लावायचा. पन्नास जागी लावला आणि एका जागी राहिला, तर ती एक जागा हल्लेखोराला पुरते. 2007 मध्ये हे उलटवले गेले आणि सप्टेंबर 2008 च्या 1.0 आवृत्तीतून ते सगळ्यांपर्यंत पोचले: आता सगळे आपोआप एस्केप होणार, ज्याला नको असेल त्याने तसे स्पष्ट सांगायचे. निर्णय सोपा नव्हता. याच टेम्प्लेटमधून साध्या मजकुराची ईमेलही तयार होतात आणि तिथे एस्केप केलेली चिन्हे विचित्र दिसतात. तरीही विसरण्याची किंमत कुठे पडावी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. पूर्वी विसरले की सुरक्षेला भोक पडायचे. आता विसरले तर फार तर पानावर टॅग अक्षरांसारखे दिसतात आणि चूक लगेच डोळ्यांत भरते.

सगळेच एस्केप व्हायला लागले, तेव्हा 'याला वगळा' असे सांगण्याची सोय लागली. ती सोय म्हणजे 'सेफ' फिल्टर आणि मार्क सेफ.

आता मराठीकडे. 'सुरक्षित' म्हणजे ज्याचे रक्षण झाले आहे ते: तिजोरीतले दागिने सुरक्षित. 'निर्धोक' म्हणजे ज्यापासून दुसऱ्याला धोका नाही ते: पूल वाहतुकीला निर्धोक. इंग्रजीत सेफ या एका शब्दात दोन्ही बसतात, मराठीत बसत नाहीत, आणि इथे ते आपल्या पथ्यावर पडते. 'सुरक्षित मजकूर' म्हटले की विद्यार्थ्याला तो कुलूपबंद, एन्क्रिप्ट केलेला वाटतो. म्हणून मी असे लिहीन: मार्क सेफ – मजकूर निर्धोक असल्याची हमी देणे. 'हमी' हा शब्द गाळू नका. हमी म्हटली की ती देणारा कोणी तरी लागतो. इथे तो प्रोग्रामर आहे, जँगो नाही.

या हमीचे वागणेही पाहण्यासारखे आहे. हमी दिलेल्या मजकुराला साधा मजकूर जोडला तर जँगो हमीच काढून घेते. जोडून झालेला मजकूर पुन्हा साधा होतो आणि छापताना सगळाच एस्केप होतो. सगळी अक्षरे कॅपिटल केली तरी हमी जाते, कारण बदललेल्या मजकुराबद्दल कुणी काहीच कबूल केलेले नसते. टॅग आणि वापरकर्त्याचा मजकूर एकत्र गुंफायचा असेल तर 'फॉरमॅट एचटीएमएल' वापरावे: साच्याची हमी प्रोग्रामरची, त्यात भरलेली, हमी नसलेली प्रत्येक गोष्ट मात्र आधी एस्केप होते. टिपणात मार्क सेफच्या शेजारीच हे द्या. बहुतेक वेळा माणसाला खरे तर तेच हवे असते.

उरलेले तीन शब्द.

*एस्केप करणे.* 'सुटका' चालणार नाही, सुटत काहीच नाही. 'पेक्षा लहान', 'पेक्षा मोठे', अँड, एकेरी आणि दुहेरी अवतरण या पाच चिन्हांचा एचटीएमएलमधला विशेष अधिकार जातो आणि ती नुसती चिन्हे म्हणून दिसतात. वाचकाला मजकूर अक्षरशः तोच दिसतो. बोलताना सगळे 'एस्केप करणे'च म्हणतात, ते ठेवावे. पहिल्यांदा येईल तिथे 'चिन्हे निष्प्रभ करणे' अशी फोड द्यावी. हे छापताना करायचे, साठवताना नाही, हेही लिहा. दुकानाचे नाव 'पाटील & सन्स' एस्केप करून डेटाबेसमध्ये ठेवले, तर गिऱ्हाइकाच्या एसएमएसमध्ये अँड चिन्हामागे 'एएमपी' अशी अक्षरे येतात.

*सॅनिटाइझ करणे.* इथे मजकूर खरोखर बदलतो. परवानगी असलेले टॅग राहतात, बाकीचे काढून टाकले जातात. 'निर्जंतुक' करण्यापेक्षा आपले 'निवडणे' अर्थाला जास्त जवळ आहे, तांदळातले खडे निवडतात तसे. अडचण एवढीच की संगणकावर 'निवडणे' म्हणजे सिलेक्ट हे रुळले आहे. म्हणून 'निवडून साफ करणे' असे दोन शब्द वापरा.

*क्लीन.* हा मला सर्वांत फसवा वाटतो. जँगोच्या फॉर्ममध्ये 'क्लीन्ड डेटा' मिळतो. वाचणाऱ्याला वाटते, चला, साफ झाले. प्रत्यक्षात तारीख ही तारीख आहे, आकडा हा आकडा आहे, आवश्यक रकाना भरला आहे, एवढेच पाहिलेले असते आणि भरलेला मजकूर योग्य प्रकारात बदललेला असतो. मजकुराच्या रकान्यात टाकलेला स्क्रिप्ट टॅग क्लीन्ड डेटामध्ये जसाच्या तसा असतो. 'स्वच्छ माहिती' असे भाषांतर मुळीच करू नये. 'पारखलेली माहिती' लिहा.

एक गोष्ट अजून लिहावीशी वाटते, कारण टिपणांमध्ये ती हमखास सुटते. एस्केप झालेला मजकूर सगळीकडे निर्धोक नसतो. टॅगमधल्या 'क्लास' या गुणधर्माची किंमत (व्हॅल्यू) अवतरणचिन्हांशिवाय लिहिली आणि तिथे व्हेरिएबल ठेवले, तर हल्लेखोराला त्या पाच चिन्हांची गरजच उरत नाही. एक मोकळी जागा सोडून 'ऑनमाउसओव्हर' असा नवा गुणधर्म लिहिला की काम झाले. दुव्याच्या पत्त्यात 'जावास्क्रिप्ट:' ने सुरू होणारा मजकूर आला तरी तेच. म्हणून 'निर्धोक' लिहिताना शेजारी 'एचटीएमएलच्या मजकुरात' एवढे जोडा.

पूरक प्रश्न

रेल्स या रुबी भाषेतल्या फ्रेमवर्कमध्ये 'एचटीएमएल सेफ' असते. तेही हेच ना? आणि बाकीच्या फ्रेमवर्कमध्ये सेफऐवजी वेगळे शब्द का आहेत?

उत्तर

काम तेच. ऑगस्ट 2010 च्या रेल्स 3 पासून तिथेही आपोआप एस्केप होऊ लागले. त्याआधी प्रत्येक जागी 'एच' हा छोटा हेल्पर लिहावा लागे. पण नाव मला जास्त खटकते. 'एचटीएमएल सेफ' हे विशेषण आहे. वाचताना वाटते की मजकुराचा गुण सांगितला आहे, आणि घडते मात्र कृती. 'सेफ आहे का' विचारणारी दुसरी पद्धत आहे आणि दोघींत फरक फक्त प्रश्नचिन्हाचा! जोडण्याचा नियमही वेगळा: हमीच्या मजकुराला साधा मजकूर जोडला तर रेल्स साधा भाग तिथल्या तिथे एस्केप करते आणि हमी कायम ठेवते. जँगोहून टिपणे रेल्सकडे नेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

वेगळ्या शब्दांबद्दल: पुढच्यांनी मुद्दाम टोचणारी नावे निवडली असे नावांवरूनच दिसते. रिअ‍ॅक्टमध्ये 'डेंजरसली सेट इनर एचटीएमएल', अँग्युलरमध्ये 'बायपास सिक्युरिटी ट्रस्ट एचटीएमएल'. ही नावे लांब आहेत, लिहिताना हात थबकतो, आणि कोड तपासणाऱ्याला शोधून काढायला सोपी जातात. लाराव्हेलने चिन्हे बदलली. चौथ्या आवृत्तीत दुहेरी महिरपी कंस कच्चा मजकूर छापत आणि तिहेरी कंस एस्केप करत. 2015 च्या पाचव्या आवृत्तीत दुहेरी कंसच एस्केप करू लागले आणि कच्च्यासाठी उद्गारचिन्हांचे कंस आले. सवयीने जे पटकन लिहिले जाते तेच निर्धोक असावे, हा निर्णय मला सगळ्यांत पटतो. या नावांचे भाषांतर करू नये. अर्थ मात्र 'धोका पत्करून' असा द्यावा.

पूरक प्रश्न

सीएसआरएफ (क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी) या हल्ल्यासाठी 'बनावट विनंती' योग्य आहे का? आणि त्या प्रकरणात 'सेफ मेथड्स' येतात, तिथेही निर्धोकच लिहायचे का?

उत्तर

'बनावट' म्हटले की विनंती खोटी वाटते. ती खोटी नसते, तिथेच तर सगळी अडचण आहे. ब्राउझर खरा, कुकी खरी, लॉगिन केलेला माणूसही खरा. फक्त त्याला न विचारता दुसऱ्याच साइटने त्याच्या ब्राउझरकडून काम करून घेतलेले असते. यासाठी बोलीत नेमका शब्द आहे: परस्पर. 'खात्यातून परस्पर पैसे काढले' म्हणतो तसे. 'दुसऱ्या साइटवरून केलेली परस्पर विनंती' असे लिहा. उपाय काय तेही आपोआप उमगते. फॉर्म आपल्याच पानावरून आला याची खूण हवी, म्हणून टोकन. जँगोच्या नव्या प्रकल्पांत ही तपासणी 1.2 पासून, म्हणजे 2010 पासून, मुळातच चालू असते.

सेफ मेथड्समध्ये मात्र अर्थ तिसराच आहे. ब्राउझरने सर्व्हरला विनंती करायच्या गेट, हेड वगैरे पद्धती 'सेफ' म्हणजे त्या फक्त वाचतात, सर्व्हरवर काही बदलत नाहीत, म्हणून त्यांना टोकन लागत नाही. इथे 'केवळ वाचणाऱ्या पद्धती' लिहा. हा अर्थ किती काटेकोर आहे, याचे उदाहरण जँगोतच आहे. लॉगआउट पूर्वी साध्या दुव्यावर, म्हणजे गेटने, होत असे. पण लॉगआउट केल्याने स्थिती बदलते. दुसऱ्या साइटने तो पत्ता चित्र म्हणून पानात टाकला तरी माणूस परस्पर बाहेर पडू शकतो. 4.1 मध्ये ही सोय मोडीत काढणार असल्याची सूचना आली आणि 5.0 मध्ये ती गेली. आता लॉगआउटलाही पोस्टचा, म्हणजे बदल करणाऱ्या पद्धतीचा, फॉर्म आणि टोकन लागते.

आणि 'सीएसआरएफ एक्झेम्प्ट'ला 'सूट' म्हणू नका. सूट मिळाली की बरे वाटते. 'तपासणी बंद' लिहा.