मदत हवी आहे: हेंडरसन ब्रूक्स अहवालासाठी दुसरं अपील

१९६२ च्या चीन युद्धात आपण कुठे चुकलो, हे सांगणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ पासून कुलूपबंद आहे. हजाराहून जास्त जवान गेले आणि सरकार अजून हिशोब द्यायला तयार नाही, याची चीड येते.

माहिती अधिकारात प्रत मागितली. दीड ओळीचं उत्तर आलं: कलम ८(१)(अ), म्हणजे देशाच्या सुरक्षेला बाधा येईल अशी माहिती, देता येत नाही. पहिल्या अपिलावरच्या आदेशात तेच वाक्य, फक्त तारीख नवी.

कलम ८(३) मधली, २० वर्षांनंतर जुनी माहिती खुली करण्याची मुदत सुचवू नका, (अ) खालच्या माहितीला ती लागू होत नाही. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी हाच अहवाल मागितला होता, त्या प्रकरणातला केंद्रीय माहिती आयोगाचा २०१० चा नकार वाचलाय. पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी २०१४ मध्ये उघड केलेला अहवालाचा भागही वाचलाय, पण मला सरकारनं दिलेली प्रत हवी.

दुसऱ्या अपिलाच्या ९० दिवसांतले २० उरलेत. वकील परवडणारा नाही. संरक्षण मंत्रालयाचं २०२१ चं धोरण म्हणतं की युद्धाचे दस्तऐवज साधारणपणे २५ वर्षांत खुले व्हावेत. मग अपिलात भर कशावर देऊ: या धोरणावर, कलम ८(२) मधल्या जनहितावर, की कलम १० खाली निदान काही पानं तरी मागू?