ब्रिजवर मॅक पत्त्यांचा फिल्टर लावताच सगळेच नेटवर्क बंद पडते

प्रश्न (रामबाग, इंदूर):
आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत इंटरनेटचा राउटर आणि स्विच यांच्यामध्ये लिनक्सचा एक संगणक बसवून त्याची दोन इथरनेट पोर्ट ब्रिजमध्ये (एका पोर्टची वाहतूक दुसऱ्याकडे पोहोचवणाऱ्या जोडणीत) जोडली आहेत. बाहेरच्या कोणी भिंतीवरच्या पॉइंटला लॅपटॉप जोडला तर त्याला इंटरनेट मिळू नये, एवढाच हेतू आहे. त्यासाठी एनएफटेबल्सच्या (लिनक्सच्या फायरवॉलच्या) ब्रिज फॅमिलीत फॉरवर्ड चेन (पलीकडे जाणाऱ्या वाहतुकीच्या नियमांची साखळी) करून पॉलिसी ड्रॉप ठेवली, म्हणजे नियमात न बसणारे सगळे अडवले, आणि संस्थेच्या संगणकांचे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे हार्डवेअर पत्ते) सोर्स, म्हणजे पाठवणारे, म्हणून मान्य केले. पण आता यादीतल्या संगणकांवरूनही राउटर पिंग होत नाही. शिवाय वरच्या मजल्यावरच्या वायफाय राउटरमागचे सगळे संगणक एकाच मॅक पत्त्याने दिसतात. असे का होत असावे?

उत्तर (लष्कर, ग्वाल्हेर):
जाणाऱ्या फ्रेमचा (इथरनेटवरच्या डेटाच्या तुकड्याचा) सोर्स तुमचा संगणक असला तरी परतणाऱ्या फ्रेमचा सोर्स राउटर असतो आणि तो तुमच्या यादीत नाही. टीसीपीडंप (वाहतूक टिपून दाखवणारी कमांड) दोन्ही पोर्टवर लावून पाहा: एआरपीची (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधण्याची) विचारणा राउटरपर्यंत पोहोचलेली दिसेल, त्याचे उत्तरही राउटरकडच्या पोर्टवर येईल, पण स्विचकडच्या पोर्टवर ते उमटणार नाही. एआरपीच अडल्यामुळे पिंगची पाळीच येत नाही. राउटरचा पत्ता यादीत घालण्यापेक्षा राउटरकडच्या पोर्टवरून येणाऱ्या फ्रेम सरसकट मान्य कराव्यात आणि पत्त्यांची तपासणी फक्त स्विचकडच्या पोर्टवर ठेवावी, म्हणजे उद्या राउटर बदलला तरी नियमांना हात लावावा लागणार नाही.

वरच्या मजल्याचे कारण निराळे आहे. मॅक पत्ता त्या एका इथरनेट खंडापुरताच असतो. राउटर पुढे पाठवताना फ्रेम नव्याने बांधतो आणि सोर्स म्हणून स्वतःचा पत्ता घालतो. ते यंत्र ॲक्सेस पॉइंट मोडवर (वायफायची वाहतूक तशीच पुढे देणाऱ्या मोडवर) टाकल्यास मागचे खरे पत्ते दिसू लागतील. मात्र अँड्रॉइड १० पासूनचे फोन वायफायवर सहसा यादृच्छिक पत्ता वापरतात, हे यादी करताना ध्यानात ठेवावे. पत्त्यातला दुसरा (हेक्साडेसिमल) अंक २, ६, ए किंवा ई असेल, तर तो कारखान्यातून आलेला नसून स्थानिक पातळीवर ठरवलेला आहे असे समजावे.

उत्तर (दांडिया बाजार, वडोदरा):
वरील निदान बरोबर आहे. पण या फिल्टरकडून सुरक्षेची अपेक्षा ठेवू नये. मान्य संगणकाचा पत्ता त्याच्या मागच्या स्टिकरवरून वाचून आपल्या लॅपटॉपला देणे हे एका कमांडचे काम आहे. शिवाय तुमचा ब्रिज स्विचच्या पलीकडे असल्यामुळे स्विचवरच्या दोन संगणकांमधली वाहतूक त्याच्याकडे येतच नाही. स्विच मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) असेल तर पोर्ट सिक्युरिटी लावून प्रत्येक पोर्टला एकच पत्ता बांधावा. खरी ओळख पटवून घ्यायची असेल, तर मात्र ८०२.१एक्स (नेटवर्कवर येण्याआधी ओळख पटवण्याची पद्धत) आणि त्यासाठी ओळख तपासणारा रेडियस सर्व्हर लागेल. छोट्या अभ्यासिकेसाठी तो व्याप मला तरी जास्तच वाटतो.

प्रश्नकर्ता:
राउटरकडच्या पोर्टचा नियम वर घालताच पिंग सुरू झाले, आभारी आहे. आमचा स्विच साधा असल्याने पोर्ट सिक्युरिटी तूर्त शक्य नाही. वापरात नसलेल्या पॉइंटच्या केबल स्विचमधून काढून ठेवत आहोत.